साहेबराव खिलारे डॉट इन बंद पडू नये म्हणून

मृत्युपत्र

मी, साहेबराव दत्तोबा खिलारे, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा पूर्वी डायमेकर व आता लेखन, मूळचा भूम तालुक्यातला, हल्ली राहणार चिखली, पुणे, हा कागद माझ्या राजीखुशीने व माझ्याच हस्ताक्षरात लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. स्मरणशक्ती शाबूत आहे. कोणाला शंका असल्यास १९८४ साली कँटीनच्या आमटीत काय सापडलं आणि ते कोणाच्या वाटीत आलं हे मला विचारावं, मी तारखेसकट सांगेन. माझी पत्नी विमलबाई शेजारी मटार सोलत बसली आहे. ती म्हणते, "आधी चष्मा कुठंय ते विचारा म्हणावं ह्यांना." चष्मा माझ्या कपाळावर होता. हे मी आपणहून नोंदवतो, म्हणजे पुढे कोणी कोर्टात काढायला नको.

मी मरायला टेकलेलो नाही. दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी माझ्या हृदयाच्या नळीत एक बारीक जाळीची नळी बसवली. मी तिचा फोटो मागून घेतला. फिटिंग चांगलं केलं आहे. पण बसवलेली वस्तू कधीतरी सैल होते हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार, म्हणून ही तजवीज. वकील मंजुषाताई म्हणाल्या, "काका, आधी तुमच्या शब्दांत लिहा, मग मी नीट करते." तसं लिहितो आहे. आज रविवार, २ नोव्हेंबर २०२५.

कलम १. घर आणि ठेव.

चिखलीतलं दुमजली घर मी आणि विमलबाईने मिळून उभं केलं. त्याआधी आम्ही भाड्याच्या सात खोल्या बदलल्या. चिंचवडच्या एका घरमालकाने भिंतीला खिळा ठोकला म्हणून आमचं सामान रस्त्यावर काढलं होतं. खिळ्याला नुसतं कॅलेंडर होतं हो. ते मालक आता हयात नाहीत म्हणून नाव घेत नाही, पण तो खिळा मी उपटून आणला आणि तो अजून माझ्या टूलबॉक्समध्ये आहे. सदर घर व बँकेतली ठेव माझ्यामागे संपूर्णपणे विमलबाईची. तिच्यामागे मुलगा धनेश आणि मुलगी वर्षाली यांची, निम्मी निम्मी.

"आणि मी आधी गेले तर?" असं विमलबाईने मटार सोलता सोलता विचारलं. तसं झालं तर कागद बदलायचंही त्राण माझ्यात राहणार नाही. सबब तिने तसं करू नये.

कलम २. हत्यारं.

मायक्रोमीटर, व्हर्नियर, कानशी, कोरायच्या छिन्न्या व वर सांगितलेला खिळा, असा सगळा टूलबॉक्स वर्षालीला. ती देहूरोडला शाळेत कॉम्प्युटर शिकवते, पण वस्तू पुसून जागच्या जागी ठेवते. धनेश हिंजवडीला आयटीत मोठ्या हुद्द्यावर आहे, त्याचा मला अभिमान आहे. त्याने माझ्या व्हर्नियरने बिअरची बाटली उघडली होती. ते मी विसरलेलो नाही.

कलम ३. वेबसाईट.

आता मुद्द्याचं. पस्तीस वर्षं मी डाय बनवल्या, आधी भोसरीत आणि कंपनी हलली तेव्हा चाकणला. डाय म्हणजे पोलादाचा साचा. तो प्रेसला लावून वर पत्रा ठेवला की गाडीच्या दाराची बिजागरी तयार होऊन पडते. आजही नाशिक रस्त्याच्या कडेला उभा राहिलो तर जाणाऱ्या कितीतरी गाड्यांची दारं माझ्या बिजागऱ्यांवर उघडतात. नाव मात्र कंपनीचं. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, तिनेही माझं कुठे लिहिलं नाही.

रिटायर झाल्यावर मी 'चव्हाटा' नावाच्या मोबाईलच्या ॲपवर लिहू लागलो. जुन्या कामगारांचा तिथे एक ग्रुप होता. टूलरूमच्या गोष्टी, संपाचे दिवस, कँटीन, कोणाचं लग्न कसं जमलं, असं सगळं. सात वर्षांत सहाशे अकरा पोस्टी झाल्या. पहिल्यांदाच माझ्या हातच्या मालावर माझं नाव होतं. मग २०२१ साली एका सकाळी ॲप उघडलं तर खातं बंद. "आपण आमच्या नियमांचा भंग केला आहे." मी अर्ज केला, एका सेकंदात उत्तर आलं, तेच. दुसरा अर्ज केला, पुन्हा एका सेकंदात तेच. आमच्या कंपनीत गेटपाससुद्धा इतक्या लवकर मिळत नसे. सहाशे अकरा गेल्या. एकीचीही नक्कल मी ठेवली नव्हती, कारण मला वाटे ते सगळं माझंच आहे. त्या आठवड्यात मी जेवलो नाही, आणि जेवलो तेव्हा चव लागली नाही.

वर्षाली म्हणाली, "बाबा, तुम्ही परत भाड्याच्या खोलीत खिळे ठोकत बसलात. आता स्वतःची जागा घ्या." मग तिने बसून माझी वेबसाईट काढून दिली. डोमेन म्हणजे दारावरची पाटी, होस्टिंग म्हणजे आतली खोली, आणि दोन्ही आपल्या नावावर. जे आठवलं ते पुन्हा लिहिलं, नवीनही लिहिलं. पण दुसऱ्यांदा लिहिलेलं तसं उतरत नाही. एकदा कापलेला पत्रा पुन्हा जोडता येत नाही, तसं आहे ते.

कलम ४. यशवंतराव.

हे खातं बंद पाडणारा इसम म्हणजे यशवंतराव, आमच्या कंपनीतला क्वालिटीचा तपासनीस. चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातला. आम्ही पस्तीस वर्षं एका डब्यात जेवलो. झालं असं की १९९१च्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली आणि या भल्या माणसाने माल मोजायच्या डायल गेजला कुंकू वाहिलं. वाहिलं म्हणजे चिमूटभर नव्हे, देवीला वाहतात तसं. ते आत गेलं आणि काटा अडकू लागला. चार दिवस माझा चांगला माल नापास. ऐंशी टनी प्रेसवरून माझी डाय तीनदा उतरवली, तीनदा घासली. पाचव्या दिवशी गेज उघडला तर आत लालभडक!

ही गोष्ट मी 'चव्हाटा'वर लिहिली. सगळा ग्रुप पोट धरून हसला. यशवंतराव त्या ग्रुपचा ॲडमिन. त्याने मला ग्रुपमधून काढलं आणि वर माझी तक्रार ठोकली. चार वर्षं झाली, मी त्याच्याशी बोललेलो नाही. तो भाजीच्या गाडीवर दिसला तर मी भाजी न घेता परततो. विमलबाई यावरून मला जे बोलते ते कागदावर येण्यासारखं नाही.

तरी सदर यशवंतरावास माझ्या मिळकतीतून सुतळीचा तोडाही मिळू नये. मंजुषाताई सांगतात की ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याला साक्षीदार करू नये, पुढे वाद होतात. हे ऐकून मला फार बरं वाटलं. म्हणून मी यशवंतरावालाच साक्षीदार करत आहे. त्याने सगळं वाचावं, आपल्याला काही नाही हे पाहावं, आणि खाली सही करावी.

कलम ५. पासवर्ड.

वर्षालीने बजावलं की पासवर्ड कागदावर लिहू नका. म्हणून मी तो पोलादावर कोरला. हातभर नाही, काड्यापेटीएवढा ठोकळा. दोन दिवस खपलो, भोसरीतून भट्टीत कडक करून आणला, आरशासारखा घासला, आणि मग लक्षात आलं की अक्षरं उलटी कोरली आहेत. डायमध्ये नाव उलटंच कोरतात, तेव्हा कुठे मालावर सुलटं उठतं. पस्तीस वर्षं हात तसाच वळत आलेला. मी डोक्याला हात लावून बसलो. विमलबाईने ठोकळा माझ्याकडून घेतला, हातातल्या कणकेच्या गोळ्यावर दाबला आणि म्हणाली, "घ्या, वाचा."

सबब वारसांना सूचना. कणीक पुरीची असते तशी घट्ट मळावी. ठोकळ्याला तेलाचं बोट लावावं. वाचून झालं की गोळा मोडून टाकावा. एकदा तो तसाच ताटात झाकून राहिला आणि शेजारच्या कुसुमताईंनी वाचला. त्या बाई सज्जन आहेत, म्हणून त्यांनाही साक्षीदार करतो. कडक झालेलं पोलाद कोरता येत नाही, त्यामुळे पासवर्ड बदलता येत नाही. वर्षाली म्हणते हे धोक्याचं आहे. असेल, पण काम बघा म्हणावं.

कलम ६. वेबसाईट कोणाची.

वेबसाईट मी धनेशला देतो.

वाचणाऱ्याला नवल वाटेल, कारण दोन वर्षांपूर्वी डोमेन गेलं ते धनेशच्याच पायी. पैसे त्याने भरले होते, म्हणून रिन्यू करा अशी नोटीस त्याच्या जुन्या मेलवर येत राहिली, त्याने तो मेल उघडायचा केव्हाच सोडला होता. मुदत संपली आणि माझी डॉट कॉमची पाटी दुसऱ्या कोणी उचलली. नऊ दिवस साहेबराव खिलारे या नावाखाली टक्कल घालवायच्या तेलाची जाहिरात होती. भूमहून माझ्या मेहुण्याचा फोन आला, "दाजी, धंदा चांगला काढलात, एक बाटली पाठवा." शेवटी वर्षालीने डॉट इनची नवी पाटी घेतली आणि सगळं लिखाण तिकडे हलवलं. लिखाण आमच्याकडे होतं म्हणून वाचलो.

तरीही धनेशला देतो, याचं कारण आहे. वेबसाईटला काउंटर आहे, कोण आलं गेलं ते दाखवतो. नाव दाखवत नाही, वेळ दाखवतो. रोज सकाळी सव्वासहाला एक जण येतो. पावसात, सणासुदीला, एक दिवस खाडा नाही. धनेशची कंपनीची बस सहाला सुटते. पोरगं तोंडाने कधी बोललं नाही, पण बसमध्ये बापाचं वाचतं हे मी ओळखून आहे. एवढ्यासाठी त्याच्या व्हर्नियरचाही गुन्हा माफ. माझ्यामागे त्याने वेबसाईट चालू ठेवावी, एवढीच माझी इच्छा आहे. घर पडलं तर पुन्हा बांधता येईल.

कलम ७. (रविवार, ९ नोव्हेंबर.)

कलम ६ रद्द.

आज धनेश जेवायला आला होता. मी ते कलम त्याला वाचून दाखवलं. त्याने हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, तो मी नाही. मी बसमध्ये झोपतो." खोटं बोलला असता तर मला कळलं नसतं. खरं बोलला, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवतो. पण मला लागलं. दुपारचा चहा मी घेतला नाही.

चारच्या सुमारास यशवंतराव आला. साक्षीदार व्हायला मीच कुसुमताईंकरवी निरोप धाडला होता. रिक्षातून उतरला तर दोन्ही काखेत एकेक बॉक्सफाईल. डोक्यावर टोपी नव्हती, टक्कल पूर्वीपेक्षा वाढलेलं. उंबऱ्यातूनच ओरडला, "साहेबा, भांडण भांडणाच्या जागी, पण माझ्या टकलावर जाहिरात लावायची काय गरज व्हती रं?"

"कसली जाहिरात?"

"तेलाची! नऊ दिस सकाळी उठून त्येच बघत हुतो. म्हनलं, ह्यो आता गप बसायचा न्हाई."

आतून विमलबाई म्हणाली, "म्हणजे सव्वासहाचे तुम्हीच होय, भावजी?"

तो एकदम लाजला. पहिल्या पाळीची सवय, म्हणाला, पाचला जाग येती, सव्वासहाला च्या घेऊन बसतो. डॉट इनची पाटी त्याने स्वतः हुडकून काढली होती, कोणाला न विचारता.

मी विचारलं, "एवढं वाचतोस तर माझं खातं का घालवलंस?"

"म्या कुठं घालवलं? कुंकू मीच वाह्यलं, कबूल हाय. पन तू ऐंशी टनी प्रेस लिवलीस. ती त्रेसष्ट टनाची व्हती. म्या तक्रारीत 'चुकीची माहिती' दाबलं. वाटलं, तेवढी एक पोस्ट रिवर्कला पाठवत्याल. त्यांनी अख्खा लॉटच भंगारात काढला. मला काय ठावं?"

"मग ग्रुपमधून का काढलंस?"

"राग आला व्हता. लोक लई हसत हुते. दुसऱ्या दिवशी परत घ्यायला गेलो तर तुझं खातंच न्हाई."

"मग चार वर्षं हे सांगितलं का नाहीस?"

"तू भाजी न घेता पळायचास. सांगू कुनाला, गाडीवाल्याला?"

मग त्याने फायली उघडल्या. कंपनीत नवीन लॉट सुरू झाला की पहिला नग तपासून, चिठ्ठी बांधून, कपाटात ठेवायचा, हे तपासनिसाचं काम. पुढे वाद झाला तर तो नग काढून दाखवायचा. यशवंतरावाने माझी प्रत्येक पोस्ट आली त्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेतली होती. पहिलीपासून सहाशे अकरावीपर्यंत. प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने शेरा, तारीख आणि आद्याक्षरं. "मंजूर." "रिवर्क, वर्ष चुकले." "मंजूर, पण फार लांब." कुंकवाची गोष्टही होती, तिच्यावर "नापास, ६३ टन".

एक पोस्ट मी कधीच पुन्हा लिहू शकलो नव्हतो. धनेश झाला त्या दिवसाची. दुसरी पाळी होती, कँटीनच्या फोनवर निरोप आला, प्रेसवर डाय अर्धवट उघडी आणि मी तसाच पळालो. परत आलो तेव्हा काम कोणीतरी पुरं केलेलं. त्या कागदावर शेरा होता, "मंजूर. मी हजर होतो." मी तो कागद धनेशच्या हातात दिला. त्याने वाचला, परत वाचला, आणि हात धुवायला आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. मीही रडलो. विमलबाईने दोघांना विचारलं, भजी तळू का.

माझ्या मनात आलं, फायली आणणाऱ्या माणसाला काहीतरी द्यावं. मृत्युपत्रात घालतो म्हणालो, साक्षीदार दुसरा बघतो. यशवंतराव भडकला. "मला काय नगं तुझं. साक्षीदार म्हनून बोलावलं, साक्षीदारच ऱ्हानार. सही केल्याबिगर जात न्हाई."

म्हणून जे द्यायचं ते मी मेल्यावर नाही, आजच दिलं आहे. या कागदाशी त्याचा संबंध नाही. सहाशे अकरा पोस्टी वेबसाईटवर परत चढवायच्या आणि प्रत्येकीखाली यशवंतरावाचा शेरा त्याच्या नावानिशी छापायचा. शेरे त्याच्या मालकीचे. मी किंवा माझ्या वारसांनी ते खोडू नयेत, कुंकवाचासुद्धा. प्रेस ऐंशी टनाचीच होती हे मी मरेपर्यंत म्हणणार. त्यानंतर तो म्हणेल ते.

कलम ८. अखेरची व्यवस्था. (रविवार, १६ नोव्हेंबर.)

वेबसाईट, डोमेन, त्यावरचं सगळं लिखाण आणि पोलादी ठोकळा वर्षालीला. दोन्ही बॉक्सफायली त्यांच्या मालकाकडेच राहतील, कारण नक्कल दोन ठिकाणी असावी हे मी आता शिकलो. वेळच्या वेळी रिन्यू करायची जबाबदारी धनेशची. त्याने परवा बसूनच दहा वर्षांसाठी करून टाकलं आणि नोटिसा आता चौघांच्या मेलवर येतात. विमलबाईला मेल नव्हता, तो काढला. आज सकाळी काउंटरवर दोन जण दिसले, एक सव्वासहाला, एक सहा वीसला. दुसरा कोण ते मी विचारलेलं नाही.

माझ्यामागे माझा फोटो मोठा करून लावू नये, फुलांवर खर्च करू नये, पेपरात जाहिरात देऊ नये. पण वेबसाईट एक सकाळसुद्धा बंद पडता कामा नये. मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा नाही. माझं नाव राहावं असं मला वाटायचं, अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू. पण आता ते कारण दुसऱ्या नंबरवर गेलं. सव्वासहाला एक माणूस चहा घेऊन, चष्मा पुसून बसतो. त्याला पुन्हा तेलाची जाहिरात दिसू नये. नवीन काही येणार नाही, पण रोज एक धरली तरी जुन्या पोस्टी त्याला दीड-दोन वर्षं पुरतील. संपल्या तर त्याने पहिलीपासून सुरू करावं.

मंजुषाताईंनी हा कागद वाचला. म्हणाल्या, यातलं कायद्याला लागत नाही असं पुष्कळ आहे, पण काढू नका. तेव्हा जसा आहे तसा कायम करतो. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. हे वाचून, समजून, चष्मा डोळ्यावर असताना सही करतो.

ठिकाण : चिखली, पुणे
तारीख : १६ नोव्हेंबर २०२५

(सही) साहेबराव दत्तोबा खिलारे

साक्षीदार

१. (सही) कुसुमताई, शेजारीण. साहेबरावांनी माझ्यासमोर सही केली. कणकेवरचा पासवर्ड मी विसरले आहे.

२. (सही, लाल पेन्सिलीने) यशवंतराव, निवृत्त तपासनीस. साहेबरावाने माझ्यासमोर सही केली. मी हजर होतो. कलम ४ मधली प्रेस ६३ टन. बाकी मंजूर.